कारणाचा रकाना

११ ऑगस्ट

स्वाती आली होती, आईचं कपाट आवरायला. सुमनच्या साड्या काढल्या. चार सुमनच्या धाकट्या बहिणीसाठी, मीनासाठी बाजूला, दोन स्वतःसाठी, बाकीच्या पुन्हा होत्या तिथंच ठेवल्या. पाच महिने झाले, तरी साडी घराबाहेर जाऊ द्यायला दोघांच्याही जिवावर येतं.

घडीत पेपरचं कात्रण निघालं. मीच ठेवलेलं. स्वातीनं उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं, 'अल्पशा आजाराने निधन झाले.'

"चौदा महिने, आण्णा. हा अल्पसा?"

मजकूर कोणी दिला म्हणून विचारलं. म्हणालो, पेपरवाल्यांचा ठरलेला असतो. खोटं. मजकूर मीच लिहून दिला होता, माझ्या अक्षरात. तीस वर्षं ग्रामसेवकी केली, गेलेल्या माणसांबद्दल बेताचं लिहायची हाताला सवय लागली आहे. हात आपोआप चालतो.

या घरात अजून कोणी कॅन्सर म्हणत नाही. 'तो आजार' म्हणतो. बाई त्यानं गेली, तरी नाव घ्यायला जीभ रेटत नाही.

१७ ऑगस्ट

सकाळी फोन. डॉ. प्रज्ञा म्हणून कोणी मुलगी. मेडिकल कॉलेजात शिकते, पुढचं शिक्षण चालू आहे. आमलवाडीत गेल्या पंचवीसेक वर्षांत कोण कशानं गेलं याचा अभ्यास करते आहे, त्यातही कॅन्सरनं किती. परवानगी काढून पंचायतीतल्या जुन्या मृत्यू नोंदवह्या बघितल्या म्हणे. "सर, अकरा वर्षांच्या वह्या तुमच्या अक्षरात आहेत. इतकं स्वच्छ रजिस्टर मी अजून पाहिलं नाही."

दिवसभर खुशीत होतो. म्हातारपणी अक्षराचं कौतुक करणारं कोण भेटतं? सु. असती तर म्हणाली असती, घ्या, फुगा अजून.

आमलवाडी म्हणजे सु.चं माहेर. फुलंब्रीपासून जवळ. मी बदली मागून घेतली होती तिथं. लोक चेष्टा करायचे, सरकारनं घरजावई पाठवला म्हणून.

२३ ऑगस्ट

डॉ. प्रज्ञा घरी आली. गारखेड्यात पत्ता सापडायला अर्धा तास गेला म्हणाली. बारीकशी आहे, डोक्यावरून स्कार्फ, पायात पांढरे बूट. आधी सु.च्या फोटोकडं बघून हात जोडले, मग बसली. बरं वाटलं.

लॅपटॉपवर एक रेघ दाखवली. वर्षं खाली, कॅन्सरचे मृत्यू वर. माझ्या अकरा वर्षांत रेघ जमिनीला चिकटून चालली आहे. माझी बदली झाली त्या वर्षापासून उठली ती वरच. "सर, त्या साली गावात काय झालं? नवीन फवारणी? पाणी?" गावात आता बोललं जातं म्हणे की नळाची विहीर त्याच सुमारास खोदली, तिच्या पाण्यातूनच हा रोग आला. बायका ते पाणी पीत नाहीत. जुन्या विहिरीवरून आणतात, लांबून.

आणि दुसरं. माझ्या वर्षांत जे थोडे कॅन्सर नोंदले आहेत ते सगळे भीमनगरचे. एकाच वस्तीत कसे, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, तंबाखू वगैरे. हे बोलताना मला माझी लाज वाटायला पाहिजे होती. तेव्हा वाटली नाही, आता लिहिताना वाटते आहे.

मग मोबाइल काढला. वहीच्या पानांचे फोटो. मोठे करून दाखवले. "काही अनुक्रमांकांशेजारी पेन्सिलीनं ठिपका आहे. तो कसला?"

"तपासणीचा असेल. साहेब लोक यायचे."

तिनं ते लिहून घेतलं. मी बोललेलं सगळं लिहून घेते ती.

२४ ऑगस्ट

ठिपके माझे आहेत.

इथं तरी खरं लिहितो. गावात माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं कोणी नोंदीला यायचं. नाव, वय, बापाचं नाव, सगळं भरून व्हायचं. मग 'मृत्यूचे कारण' हा रकाना आला की आवाज खाली. "भाऊसाहेब, तेवढं जरा बगा ना. पोरगी लग्नाची हाय." किंवा, "घराण्यात हाय म्हणत्यात लोकं, पाहुणे परत जात्यात." माणूस पुढं उभा, डोळे सुजलेले. मी हृदयविकार लिहायचो. साठीच्या पुढचं असलं तर वृद्धापकाळ. एकदा एका पन्नाशीच्या बाईलाही वृद्धापकाळ लिहिला. कोणी विचारलं नाही. खेड्यात घरी गेलेल्या माणसाचं कारण कोण विचारतो?

आणि मनाला टोचू नये म्हणून शेजारी पेन्सिलीचा ठिपका. म्हणजे कधीतरी खरं करता येईल. कधीतरी.

लोक दुवा द्यायचे. भाऊसाहेब देवमाणूस. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

२८ ऑगस्ट

डॉ. प्र.ला फोन करून ठिपक्यांचं सांगितलं.

"किती जणांचं, काका?"

आतापर्यंत सर होतो. काका झालो. वर चढलो की खाली आलो कळलं नाही.

म्हणाली, नुसत्या ठिपक्यावरून मला काही मांडता येणार नाही. घरोघर विचारावं लागेल. तुम्ही बरोबर याल? हो म्हणालो. नाही म्हणायची सोय नव्हती.

३ सप्टेंबर

आमलवाडी. सु. गेल्यानंतर पहिल्यांदा. वेशीवर उतरलो. माहेरच्या गावात बाईशिवाय येणं म्हणजे काय ते आज कळलं.

पहिलं घर किसनचं. त्याची आई माझ्या वहीत हृदयविकारानं गेली. छातीत गाठ होती, फुटली होती, वास घरभर. मी स्वतः बघून आलो होतो. किसन आता नाही, त्याचा मुलगा भेटला. चांगला आहे, दुकान टाकलं आहे. म्हणाला, "आजी हार्टनं गेली. लई तब्येत चांगली होती, एकदम अटॅक आला." डॉ. प्र.नं हळूच विचारलं, छातीत गाठ वगैरे? "नाय नाय. थांबा, दाखवतो." आत जाऊन आजीचा दाखला घेऊन आला. लॅमिनेशन केलेला. माझीच सही.

"सरकारी कागद हाय ना, भाऊसाहेब. तुमीच लिहिलाय."

त्याची बायको दारात उभी होती, कडेवर मूल. एक लहान बहीण पण आहे त्याची. डॉ. प्र.नं बहिणीचं वय विचारून घेतलं.

दुपारी भीमनगर. दौलत साळवे अजून ताठ आहेत. त्यांचा मोठा मुलगा तोंडाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा नोंदीला आले होते. मी आपणहून म्हणालो होतो, हृदयविकार लिहू का. म्हणाले होते, "खरं हाय तेच लिहा. आमच्यात लपवायचं नाय." त्यांच्या मागून त्या वस्तीतल्या सगळ्यांनीच खरं लिहायला लावलं.

आज त्यांनी चहा दिला आणि मग सांगितलं. आवाज चढवला नाही. "गावानं काय म्हणावं भाऊसाहेब? रोग भीमनगरातच हाय. कागदावर हाय. नातीला बघायला आलेले दोन पाहुणे परत गेले. म्या पोराचं खरं सांगितलं, ते डाग झालं. तुमी बाकीच्यांचं झाकलं, ते निरोगी झाले."

चहा संपवला. गोड होता.

येताना गाडीत डॉ. प्र. खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "माझ्या आजोबांची वस्तीही अशीच, काका." एवढंच.

१० सप्टेंबर

डॉ. प्र.नं सगळ्या नोंदींची यादी छापून पाठवली. प्रत्येकापुढं रिकामी जागा. मला आठवतं ते मी भरायचं, ती घरी विचारून ताडून बघणार. पेन्सिल नको, पेनानं, असं तिनं वर लिहिलं आहे. टोमणा असावा. असू दे.

माणसं आठवतात. कोणाचा आवाज बसला होता, कोणाला गिळता येत नव्हतं, कोण वाळून वाळून अंथरुणात दिसेनासं झालं. ठिपके किती निघाले तो आकडा इथं लिहीत नाही, तिच्या कागदात आहे.

पहिलं पान मात्र उलटं करून ठेवलं आहे.

११ सप्टेंबर

पहिल्या पानावर सासूबाई आहेत. वय एकोणपन्नास. कारण, पोटाचा अल्प आजार.

तिथं ठिपका नाही. ती पहिली होती, ठिपक्याची युक्ती सुचायच्या आधीची.

मी रुजू होऊन तीन महिने झाले होते. सासूबाईंचं पोट फुगायला लागलं. गॅस, अपचन, असंच चाललं. शेवटी सासरे आणि मी शहरात घेऊन आलो. सु. आणि मीना बाकावर आईजवळ बसल्या. डॉक्टरनं आम्हा दोघा पुरुषांना बाजूला घेतलं. अंडाशयाचा कॅन्सर, पसरलेला. सासरे भिंतीला टेकले. मग म्हणाले, "जावईबापू, पोरींना नका सांगू. मीनाचा साखरपुडा तोंडावर हाय. वैजापूरचं स्थळ परत भेटायचं नाय."

पोरींना सांगितलं, पोटात पाणी झालं आहे. पुढंही तेच. साखरपुडा झाला, लग्न झालं, दीड महिन्यानं सासूबाई गेल्या. नोंद मीच केली. सासरे समोर बसून होते. सुतकातला जावई आणि निबंधक एकच.

गावाला कसं कळतं कोण जाणे. पुढच्याच महिन्यात एक जण आला, भाऊसाहेब तेवढं जरा बगा म्हणत. घरच्यांचं केलं, आमचं का नाही. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

सासरे जाऊन दहा वर्षं झाली. आता सासूबाईंचं खरं माहीत असलेला जगात मी एकटा आहे.

२० सप्टेंबर

यादी पाठवली. पहिलं पान जसं होतं तसंच.

२७ सप्टेंबर

डॉ. प्र.चा फोन. बऱ्याच घरांनी कबूल केलं. काहींनी अजिबात नाही. रेघ नव्यानं काढली. "काका, आता जवळजवळ सरळ आहे. गावात कॅन्सर वाढलेलाच नाही. होता तो होताच. फक्त दिसत नव्हता." म्हणजे विहिरीचा काही दोष नाही. बायकांनी इतकी वर्षं लांबून पाणी वाहिलं, ते माझ्यामुळं.

ती पुढं बोलत होती. काही घरांत आई आणि मुलगी, दोघींना. अशा घरांतल्या बायकांनी वेळेत तपासून घ्यायला हवं, लवकर सापडलं तर खूप काही करता येतं. आणि मग सहज, "काकू आमलवाडीच्याच ना? त्यांच्या माहेरी कोणाला?"

"नाही."

दुसऱ्यांदा म्हणालो हे.

२८ सप्टेंबर

पहिल्यांदा कधी ते लिहायचं आहे. काल जमलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला सु. म्हणाली, "अहो, मायसारखंच पोट फुगायलंय माझं." हसत म्हणाली. तीळ निवडत होती. तिच्या लेखी मायला पोटात पाणी झालं होतं आणि तिला गॅस. मायसारखंच याचा अर्थ त्या घरात फक्त मला माहीत होता.

मी काय केलं? ओवा दिला. काळं मीठ घालून.

नंतर गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. मला हायसं वाटलं. तीन महिने मी त्या गोळ्यांवर काढले. माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं म्हणूनच जायचं नव्हतं. कोणाला कळणार आहे हे? इथंच लिहून ठेवतो, सुमन, मला माहीत होतं.

मोठ्या डॉक्टरकडं गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, आईला, मावशीला कोणाला असं काही? सु. म्हणाली, "नाय जी, मायला पोटात पाणी झालं होतं." आणि माझ्याकडं बघितलं. तिला तारखा, नावं आठवायची नाहीत, अशा वेळी ती माझ्याकडं बघायची. मी मान हलवली. व्हय, पाणीच.

तोपर्यंत सांगून उपयोग नव्हता असं स्वतःला समजावलं. उपयोगाचं नंतर बघू. तिला तिच्या आईचं मरण तरी खरं कळायला हवं होतं. लग्नाला पस्तीस वर्षं. एवढं तरी.

५ ऑक्टोबर

स्वाती आणि नात ईरा जेवायला. वांग्याची भाजी केली होती मी, जमली. स्वातीनं अर्धीच भाकरी खाल्ली. "हल्ली दोन घासांत पोट भरतं, आण्णा. जड जड वाटतं. आईसारखी पित्ताची प्रकृती आहे माझी."

उठलो. मोरीत जाऊन नळ सोडला आणि उभा राहिलो. ईरा दार वाजवत होती, आबा काय करता?

६ ऑक्टोबर

सांगायला म्हणून स्वातीकडं गेलो. पेरू देऊन परत आलो.

७ ऑक्टोबर

तेच. या वेळी पेरूही नव्हते.

९ ऑक्टोबर

वैजापूरला गेलो, मीनाकडं. आधी तिला सांगू, मग धीर येईल, असा विचार. खरं म्हणजे एक दिवस टाळला.

मीनानं पोहे केले. मी बशी हातात धरूनच सगळं सांगितलं. बाकावरचं, भिंतीपाशी तिचे वडील काय म्हणाले ते, नोंदीचं, सु.चं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ताई माझ्या साखरपुड्यापायी गेली."

तसं नाही म्हणालो.

"मग कसंय, दाजी? तुमीच सांगा कसंय."

पदरानं तोंड दाबून रडली. पंचवीस वर्षांपूर्वी आईसाठी रडायचं राहिलेलं आणि आता बहिणीचं, दोन्ही एकदम. हात धरावा असंही वाटेना, त्या हाताला माझा हात लावायचा कसा?

मग एकदम तोंड पुसलं. "स्वातीला सांगितलंय?"

"नाही."

"मग माझ्याकडं काय करायलाव? उठा. साडेचारची बस हाय."

पोह्यांची बशी तिनं माझ्या हातातून काढून घेतली. स्टँडपर्यंत सोडायला आली. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी होती. सुटताना म्हणाली, "मी पण दाखवून घेते. तुमी तिचं बगा."

१० ऑक्टोबर

सांगितलं.

ईराला शेजारी पाठवलं होतं. स्वातीनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "मी पण होते त्या खोलीत. डॉक्टरनं विचारलं तेव्हा. आईनं तुमच्याकडं बघितलं, मी बघितलं ते. मला वाटलं किती विश्वास आहे हिचा."

मग, "आजी गेली तेव्हा आई माझ्याएवढी होती ना?"

हो. जवळजवळ.

"म्हणजे तेव्हापासून दरवर्षी तपासता आलं असतं."

मी मान हलवली. ती म्हणाली, "मान हलवू नका, आण्णा. तोंडानं बोला." बोललो. हो, आलं असतं.

"जा तुम्ही आता."

दारात चप्पल सापडत नव्हती. ती उठली नाही.

१६ ऑक्टोबर

फोन नाही.

२२ ऑक्टोबर

जावई येऊन डबा देऊन गेले. स्वातीनंच केलेली मेथीची भाजी, कळते. ती नाही आली. "थोडा वेळ द्या तिला." तपासणीचं विचारलं. "बघतोय आम्ही." आम्ही म्हणजे ते दोघं.

डबा घासून ठेवला. परत न्यायलाही कोणी आलं नाही.

१ नोव्हेंबर

डॉ. प्र.ला पहिल्या पानाचं सांगितलं. मला वाटलं चिडेल. तिनं एवढंच विचारलं, "तिथं ठिपका का नव्हता?"

घरचं होतं म्हणून, म्हणालो. ठिपका द्यायचा तर आधी स्वतःशी मान्य करावं लागतं.

वही दुरुस्त होते का, विचारलं तिनं. नियम मला पाठ आहे. मूळ नोंद खोडायची नाही, समासात लिहायचं, सही आणि तारीख टाकायची. पण पुरावा लागतो. सासूबाईंचा एकही कागद आता नाही. सासऱ्यांनी तिसऱ्या दिवशीच जाळले. तरी अर्ज लिहिला. हल्ली तिथं तरुण ग्रामसेविका आहे, तिच्याकडं दिला. तिनं वाचला, पुन्हा वाचला. "वरती विचारावं लागंल, सर." मीही तिच्या जागी हेच म्हणालो असतो.

९ नोव्हेंबर

आमलवाडीत शाळेच्या ओट्यावर बैठक. डॉ. प्र. रेघ समजावून सांगणार होती. मी म्हणालो, आधी मला दोन मिनिटं दे.

उभा राहिलो. सासूबाईंचं नाव घेतलं, सगळं नाव, नवऱ्यासकट. म्हणालो, या बाई अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या आणि मी खोटं लिहिलं. मग सुमनचं नाव घेतलं. कॅन्सर हा शब्द त्या गावात मी मोठ्यानं पहिल्यांदा उच्चारला. पुढचं बोलायचं ठरवून गेलो होतो, ते राहिलं. खाली बसलो.

किसनचा मुलगा उठला. "आता आमच्या बहिणीचं काय? अं? इतकी वर्षं झाकलं, आता कशाला उकरायलाव?" शिवी दिली. द्यायलाच हवी होती. त्याला बसवायला लोक धावले, मी म्हणालो बोलू द्या.

बायकांमधून फक्त तिघी नंतर डॉ. प्र.कडं गेल्या. त्यात किसनची ती धाकटी मुलगी होती, भावाची नजर चुकवून.

दौलत साळवे शेवटी बसले होते. संपल्यावर उठून माझ्याशेजारून गेले. थांबले नाहीत. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन वळले, "भीमनगरचं पण बोलायला पायजे होतं, भाऊसाहेब." बरोबर आहे. पुन्हा जायचं आहे मला तिथं.

१४ नोव्हेंबर

काही नाही. घर फार मोठं आहे दोन खोल्यांचं.

१९ नोव्हेंबर

स्वातीचा फोन. "उद्या दहाचा नंबर आहे. येणार का?"

येणार का, असं विचारलं. या असं नाही. तरी.

सु.च्या फोटोपुढं उभा राहिलो होतो. काय मागायचं सुचलं नाही. तिच्याकडं मागायला तोंड नाही, दुसऱ्या कोणाकडं मागायची सवय नाही.

२० नोव्हेंबर

स्कूटीवर मागं बसून गेलो. तिच्या मानेवर तीळ आहे, सु.ला होता तिथंच. इतकी वर्षं लक्षात आला नव्हता.

फॉर्म तिनंच भरला. एरवी घरातले सगळे फॉर्म माझ्याकडं येतात, आण्णांचं अक्षर चांगलं म्हणून. आज मी पेन मागितलं नाही आणि तिनं दिलंही नाही.

सोनोग्राफी झाली, रक्त दिलं. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. समोर फॉर्म होता, त्यात सगळं लिहिलेलं होतं, तरी त्यांनी विचारलंच. "आईकडून कोणाला होता?"

स्वातीला उत्तर माहीत होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. तशीच, तिची आई बघायची तशी.

म्हणालो, "होता. हिच्या आईला. आणि आईच्या आईला, एकोणपन्नासाव्या वर्षी. अंडाशयाचा. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही."

बाईंनी लिहून घेतलं. शेवटचं वाक्य लिहिलं की नाही दिसलं नाही. म्हणाल्या, सोनोग्राफीत एका बाजूला काहीतरी आहे, साधी गाठही असू शकते, आत्ताच काही म्हणता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट सोमवारी. स्वातीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, सोडलं, पुन्हा धरलं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी उतरवलं मला. हेल्मेट काढलं नाही, इंजिन बंद केलं नाही. मी डब्याचं बोललो, मेथीचा डबा घासून ठेवलाय म्हणून. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"असू द्या," म्हणाली. "सोमवारी साडेनऊला तयार राहा."